सॉकेट ए मदरबोर्डला नवा एसएमपीएस : प्रगतीची नोंद

व्हीआयए केटी४०० चिपसेटचा मदरबोर्ड (सॉकेट ए, म्हणजे एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांच्या खोबणीचा) आणि अॅथलॉन एक्सपी २५००+ हा प्रोसेसर या जोडीला या टप्प्यात नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) जोडला. कनेक्टर बसण्यात अडचण आली नाही. नव्या एसएमपीएसच्या २४ पिनच्या कनेक्टरमधील चार पिनांचा तुकडा सुटा होतो आणि उरलेला भाग २० पिनच्या सॉकेटमध्ये नेमका बसतो. पिन १८ वरचे उणे ५ व्होल्ट आता मिळत नाहीत, पण या बोर्डावर आयएसए (जुन्या विस्तार कार्डांचे) स्लॉटच नसल्याने त्यांची उणीव भासत नाही.

खरा प्रश्न ५ व्होल्टच्या रेलचा, म्हणजे एसएमपीएसमधून येणाऱ्या त्या व्होल्टेजच्या वीजवाहिनीचा आहे. या बोर्डावर १२ व्होल्टचा चार पिनी कनेक्टर नाही. प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरूनच घेतली जाते. प्रोसेसरची कमाल उष्णता ६८.३ वॅट आणि बोर्डावरील रेग्युलेटरची (प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटची) कार्यक्षमता अंदाजे ८० टक्के धरली, तर एकट्या प्रोसेसरसाठी सुमारे १७ अँपिअर लागतात, आणि रॅम, कार्ड व डिस्क यांचा भार त्याहून वेगळा. आजचे एसएमपीएस आपली बहुतेक ताकद १२ व्होल्टवर राखून ठेवतात, त्यामुळे खोक्यावरचा ४५० वॅटचा आकडा येथे निरुपयोगी ठरतो. लेबलावरचा ५ व्होल्टचा रकाना आणि ३.३ व ५ व्होल्टची एकत्रित मर्यादा वाचावी लागते.

हाताशी असलेला स्वस्त एसएमपीएस मी मुद्दाम वापरला नाही. त्यात ५ आणि १२ व्होल्टचे नियंत्रण एकत्र होते, म्हणून ५ वर भार आणि १२ जवळजवळ मोकळे अशा स्थितीत एक रेल खाली बसतो व दुसरा वर चढतो. त्याऐवजी १२ व्होल्टवरून वेगळ्या डीसी-डीसी सर्किटने ५ व्होल्ट तयार करणारा, २२ अँपिअर क्षमतेचा एसएमपीएस निवडला.

पहिली चाचणी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एफएसबी, म्हणजे ११ ने गुणून प्रोसेसरचा वेग ठरवणारा बसचा वेग, १०० मेगाहर्ट्झ ठेवून, म्हणजे प्रोसेसर ११०० मेगाहर्ट्झवर चालवून घेतली. मल्टिमीटर मोकळ्या मोलेक्सवर (डिस्कच्या चार पिनी कनेक्टरवर) न लावता मुख्य कनेक्टरच्या मागून लाल तारेच्या पिनवर टेकवला, कारण भाराखालील तारांमधील घट तेथेच दिसते. तेव्हा ४.९४ व्होल्ट मिळाले. एफएसबी १६६ मेगाहर्ट्झवर नेऊन पूर्ण भार देताच ४.८४. किमान मर्यादा ४.७५ असल्याने हे चालण्याजोगे आहे, तरी एजीपी ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी सॉकेटच्या चारही लाल पिनांचे संपर्क स्वच्छ करून पुन्हा मोजणार आहे.