अर्जुनी मोरगावकडे गळ टाकायला जाताय? आधी मच्छीमार सोसायटीची पावती, मग बाकी सगळं

पहिले पैशाचंच सांगते कारण डोकं अजून तापलेलं आहे. ज्या दलालाने राहायची सोय करून दिली त्याने नागपूरहून निघायच्या आधीच फोनवर "फिशिंग परमिशन"चे म्हणून आमच्या दोघांचे दोन हजार रुपये घेतले, पावती तिथेच मिळेल म्हणाला. तलावावर पोचलो, पाळीवर म्हणजे बांधावर नवऱ्याने रॉड जोडला, मी आमिषाला ढेपेचे (पेंडेचे) गोळे वळायला घेतले, तेवढ्यात मासेमारी करणारे एक ढिवर काका डोंगा काठाला लावून आले अन् म्हणाले, "ताई, पावती दाखवा नं." कुठली पावती! दलालाला फोन लावला, उचलेच ना. नंतर तर फोन बंदच.

काका अजिबात चिडले नाहीत, बसले आणि नीट समजावलं. हे जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले, मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमारांच्या सोसायटीकडे. रोहू, कतला, मिरगल हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं, म्हणून सोसायटी मत्स्यबीज विकत आणून तलावात सोडते, मग वर्षभर राखण करते. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला रोहू कोणाच्या तरी पैशाचा असतो. आमचे दोन हजार गेले दलालाच्या खिशात, ज्यांचा मासा त्यांना एक रुपया नाही. सोसायटीच्या सचिवांकडे गेलो तर दोघांचे दिवसाचे दोनशे रुपये, छापील पावती, वर चहा पाजला. तर बाहेरच्या कोणालाही परमिशनचे पैसे द्यायचे नाहीत, तो कितीही गोड बोलला तरी. गावात जा, सोसायटीचा माणूस कोण ते विचारा, कोणीही सांगतं.

अजून एक, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प शेजारीच आहे. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात गळ घेऊन जायचंच नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. तलावाचा जंगलाकडचा काठ कोणाच्या हद्दीत येतो ते आधी वनरक्षकाला विचारून घ्या.

आता तो रस्ता. ह्याच दलालाने सांगितलं होतं की पाळीपासून पलीकडच्या काठाला अर्धा किलोमीटर, चपलेवर जाता येतं. साफ खोटं. चांगले दोन किलोमीटर भरतील अन् मार्चमध्ये पाणी मागे सरकलेलं असतं त्यामुळे सगळी वाट तलावाच्या उघड्या पडलेल्या तळातून. वरून माती सुकून तडकलेली, एकदम पक्की दिसते, आणि पाय टाकला की पापुद्रा फुटतो अन् खाली काळा गाळ. नवरा गुडघ्यापर्यंत गेला. पाय वर आला पण बूट आतच, तो मी काठीने उकरून काढला, वास दोन धुण्यांनंतरही गेला नाही. पुढे बेशरमचं रान, त्यातून रॉड आडवा धरला की अडकतो, उभा धरला की लाइन अडकते. रॉड खोलूनच न्या. गुरांच्या खुरांचे ठसे उथळ अन् कोरडे दिसतात तिथूनच चाला, ठसा खोल असेल किंवा त्यात पाणी असेल तर वळसा घ्या. हातात काठी पाहिजेच. लेसचे घट्ट बूट पाहिजेत, सँडल गेली समजा. आम्ही दोघंही रोज चालणारे, तरी तिथे पोचेपर्यंत जीव निघाला.

पण पोचल्यावर जे पाह्यलं ना! नवऱ्याला दीडेक किलोचा रोहू लागला, जाळीत घालून काठाशी पाण्यात बांधून ठेवला. थोड्या वेळाने जाळी हलायला लागली. आम्हाला वाटलं रोहूच धडपडतोय. तर पाण्यातून एक चपटं, मिशीवालं डोकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं. पाणमांजरं! एकाने जाळीतूनच माशाला धरलं अन् चावायला लागलं, कडकड हाडं फुटायचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. दहा-बारा फुटांवर. नवरा जाळी ओढायला उठला, मी त्याचा शर्ट धरून बसवला. गेला तर गेला रोहू, नाहीतरी त्यांच्याच घरात आलो होतो आपण. काठच्या दगडांवर माशांचे खवले असलेली लेंडं दिसली की समजायचं हा त्यांचा अड्डा आहे, मग मासा जाळीत ठेवू नका, डब्यात ठेवा.

परत निघायला उशीर झाला, आणि हे महत्त्वाचं. मोहफुलं पडायला लागलेली होती. पाळीजवळच्या मोहाखाली आधी फूं फूं आवाज आला, मग अंधारात काळं काहीतरी हललं. अस्वल. आम्ही जागेवर थांबलो, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरलो अन् मोठ्याने बोलत राहिलो, ते मान वर करून थोडं थांबलं अन् झुडपात गेलं. अस्वलाला नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं, एकदम समोर आलं की घाबरून अंगावर येतं, म्हणून मोहाच्या दिवसांत ह्या भागात संध्याकाळी अन् पहाटे चालायचं तर बडबड करत, टाळ्या वाजवत चाला. पळायचं तर नाहीच. काका म्हणाले, फुलं वेचायला गेलेल्या बायांवर दरवर्षी हल्ले होतात.

बाकी रस्ता सोपा, नागपूर-भंडारा-साकोली-कोहमारा, तिथून उजवीकडे नवेगाव बांध, मग अर्जुनी मोरगाव. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधलेला, तो पाहाच, छान आहे. परत येताना गोंदियाकडून वाट वाकडी करून परसवाड्याला सारस पाह्यले, तो दिवस आरामात गेला.

लहान मुलं न्यायची असतील तर मार्चमध्ये नका नेऊ, डिसेंबर-जानेवारीत न्या. पाणी वर असतं, पाळीवरूनच गळ टाकता येतो, त्या गाळात उतरायचं कामच पडत नाही, अन् बदकंही भरपूर असतात. ढेप नागपूरहूनच घेऊन जा. टॉर्च दोन ठेवा, मोबाइलच्या उजेडावर राहू नका. आणि त्या दलालासारखा कोणी तुम्हालाही फोन करेल, तर त्याला सांगा, पावतीचा फोटो पाठव, मग पैसे.