फुरसं चावल्यावर रक्त गोठायचं का थांबतं

कोकणात लॅबमध्ये काम करायचं म्हणजे फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त हातात येणारच. कातळावर गुरं चारताना, गवत कापताना, बागेत दगड उचलताना, कुठेही चावतं. साप केवढासा तर हातभरसुद्धा नसतो बऱ्याचदा, आणि चावल्यावर माणूस चालत येतो, नीट बोलतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं काही विशेष नाही. मग हळूहळू हिरड्यांतून रक्त यायला लागतं, सुई टोचलेल्या जागेतून झिरपत राहतं, लघवी लाल होते. मग नातेवाईक विचारतात, ताई, विषाने रक्त पातळ केलं काय?

यावर एकदा नीट लिहायचं मनात होतं, कारण आत जे घडतं ते बरोबर उलट आहे. हे विष रक्त गोठवतं. इतकं गोठवतं की गोठायला लागणारा मालच संपून जातो.

हा माल म्हणजे फायब्रिनोजेन. लिव्हर ते बनवतं, आणि निरोगी माणसाच्या 100 मिली प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ पाण्यासारख्या भागात, ते साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम असतं. एरवी विरघळलेलं, शांत फिरत असतं. थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम आलं की ते या लांबट रेणूच्या मधल्या भागातून प्रोटीनचे बारीक तुकडे छाटतं, पहिला तुकडा तर फक्त 16 अमिनो ॲसिडचा, आणि तेवढं छाटलं की खाली लपलेली खुंटी उघडी पडते. ही खुंटी शेजारच्या रेणूच्या टोकाला असलेल्या खाचेत बसते, त्याची तिसऱ्याच्या, असं करत करत धागा तयार होतो, तो फायब्रिन. मग फॅक्टर तेरा (रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनांना असे नंबर असतात) येऊन धाग्यांना आडवे पक्के टाके घालतो आणि गुठळी घट्ट होते. ट्यूब तिरकी केल्यावर जो गोळा जागचा हलत नाही ना, तो हाच.

आता थ्रॉम्बिनसारखं एन्झाइम शरीरात मोकळं सोडून चालणार नाही, म्हणून ते एरवी प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय रूपात असतं, जखम झाली की तिथल्या तिथे सुरू होतं, आणि काम झालं की त्याला आवरायला इनहिबिटर असतात. त्यातला मुख्य अँटीथ्रॉम्बिन. हा मला फार आवडतो. तो उंदराच्या सापळ्यासारखा आहे, स्वतःचा एक लूप आमिष म्हणून पुढे काढून बसलेला, थ्रॉम्बिनने तो कापला रे कापला की सापळा मिटतो आणि थ्रॉम्बिन कायमचं अडकतं. रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिनचं इंजेक्शन देतात ते स्वतः थ्रॉम्बिनला मारत नाही, ते याच अँटीथ्रॉम्बिनचा वेग हजारपट वाढवतं.

पण इथे एक मजेदार अडचण आहे. थ्रॉम्बिन आधीच गुठळीत जाऊन फायब्रिनला चिकटून बसलं असेल तर हिपॅरिन त्याचं फारसं काही करू शकत नाही. थ्रॉम्बिनला एका बाजूला फायब्रिन धरायची जागा असते आणि दुसऱ्या बाजूला हिपॅरिन चिकटायची, दोन्ही एकदम भरल्या की तिघांचं घट्ट कडबोळं होतं आणि अँटीथ्रॉम्बिनला आत शिरताच येत नाही. डॅबिगॅट्रान या रक्त गोठू न देणाऱ्या गोळीतलं औषध छोटं असतं, ते सरळ थ्रॉम्बिनच्या तोंडात जाऊन बसतं, मग ते गुठळीत असो नाहीतर बाहेर.

तर फुरशाकडे येऊ. त्याच्या विषात एकारिन नावाचं एन्झाइम आहे. ते जखमेची, कॅल्शियमची, फॅक्टर पाचची, कशाचीही वाट बघत नाही, सरळ प्रोथ्रॉम्बिनला एका जागी कापतं आणि मेझोथ्रॉम्बिन नावाचं अर्धवट थ्रॉम्बिन तयार करतं, जे फायब्रिनोजेन छाटायला पुरेसं असतं. म्हणजे अख्ख्या अंगात एकाच वेळी बारीक बारीक धागे बनायला लागतात. शरीराचं धागे विरघळवणारं प्लाझ्मिन लगेच कामाला लागतं, बनले की विरघळव, बनले की विरघळव, म्हणून विरघळलेल्या धाग्यांचे तुकडे मोजणारी डी-डायमर टेस्ट केल्यास आकडा आभाळाला भिडलेला दिसतो, आणि फायब्रिनोजेन काही तासांत जवळजवळ शून्यावर. त्याच विषातली दुसरी एन्झाइम्स रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडत असतात. भिंतीला भोकं आणि बुजवायला काही शिल्लक नाही, मग रक्तस्राव थांबणार कसा.

मग अँटीथ्रॉम्बिन काय करतो? तो आहे, पण त्याचा सापळा सेरीन प्रोटिएज जातीच्या एन्झाइमसाठी आहे (प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारं), थ्रॉम्बिन त्या जातीचं. एकारिन जस्तावर चालणारं मेटॅलोप्रोटिएज, ते त्याच्या आमिषाला लागतच नाही. आणि त्यातून निघालेलं मेझोथ्रॉम्बिनसुद्धा हिपॅरिन दिलं तरी नीट सापडत नाही. गोठणं थांबवायला हिपॅरिन द्यावं हा विचार वरवर बरोबर वाटतो, नायजेरियात तिथल्या फुरशाच्या रुग्णांवर ते करूनही पाहिलं होतं, 1976 साली त्याचा रिपोर्ट आला, उपयोग झाला नाही. म्हणजे अँटीथ्रॉम्बिनच्या भरवशावर एकारिन आवरत नाही, त्याला धरणारं बाहेरून, घोड्याच्या रक्तातून आणावं लागतं. अँटी स्नेक व्हेनम म्हणजे तेच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची विषं थोडी थोडी टोचून घोड्याच्या अंगात तयार झालेल्या अँटीबॉडी. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्याकडे त्यासाठीच माहीत आहे. चापडा या दुसऱ्या विषारी सापाचं विष त्यात धरलेलं नाही, म्हणून साप कोणता ते कळलं तर फार बरं, पण म्हणून त्याला पकडायला जाऊ नका, लांबून फोटो पुरतो.

आमच्याकडे या सगळ्याची टेस्ट इतकी साधी आहे की नवीन मुलांचा विश्वास बसत नाही. शिरेतून 2 मिली रक्त, कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये, 20 मिनिटं जागेवर ठेवायचं, हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. वाहिलं तर गोठलेलं नाही. ट्यूब काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाने फॅक्टर बारा जागा होतो आणि गोठणं सुरू होतं, प्लॅस्टिकमध्ये चांगलं रक्तसुद्धा रेंगाळतं, डिटर्जंटने धुतलेल्या ट्यूबचंही तेच, आणि लाल झाकणाच्या तयार प्लॅस्टिक ट्यूबमध्ये गोठवणारी पावडर आधीच लावलेली असते, म्हणून तीही नको. सगळीकडे प्लॅस्टिक झाल्यामुळे काचेची ट्यूब मिळवणं हेच अवघड होऊन बसलंय, मी चार-पाच नेहमी वेगळ्या डब्यात जपून ठेवते आणि इथल्या प्रत्येक लॅबने ठेवाव्यात असं मला कळकळीने वाटतं. या वीस मिनिटांवर अँटी स्नेक व्हेनमच्या दहा-दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, द्यायच्या की नाही ते ठरतं हो.

व्हायल गेल्या तरी रक्त लगेच गोठत नाही. तेव्हा नातेवाईक घाबरतात, एवढी औषधं दिली आणि अजून पाणीच कसं. अँटीबॉडी एकारिनला पकडते, पण संपलेलं फायब्रिनोजेन परत देत नाही, ते लिव्हरलाच नव्याने बनवावं लागतं आणि त्याला तास लागतात. म्हणूनच पुढची टेस्ट सहा तासांनी करतात, तेव्हाही गोठलं नाही तर अजून डोस. नुसता प्लाझ्मा चढवून घाई करावी तर विष बाकी असताना त्यातलं फायब्रिनोजेनही त्याच वाटेने जातं.

एकदा गोठलं की लोक डिस्चार्ज मागतात, भात आडवं पडलेलं असतं, घरी गुरं असतात, मला समजतं ते. पण चावलेल्या जागी साठलेलं विष नंतर हळूहळू रक्तात उतरत राहू शकतं, आणि दिलेल्या अँटीबॉडी तोवर कमी झालेल्या असल्या तर आदल्या दिवशी छान गोठलेलं रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहतं. सूज असेपर्यंत डॉक्टर थांबा म्हणतात आणि आम्ही परत परत रक्त काढायला येतो ते त्यासाठी.