आईनं न घेतलेल्या अकरा गोळ्या

गेल्या दिवाळीनंतर आईचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १६८. वर्षभरापूर्वी ११२ होतं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन उरकून जरा कुठं निवांत झालो होतो.

तासगावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. ‘कोलेस्टेरॉलवर गाठ पोसते’ असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं. तिनं तूप सोडलं, शेंगदाण्याची चटणी सोडली, भाकरी नुसत्या आमटीत बुडवून खायला लागली. त्यात मी मोबाइलवर वाचलं की लेट्रोझोल, म्हणजे आईची रोजची कॅन्सरची गोळी, घेणाऱ्या काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं, आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथंच चुकलं माझं. काही दिवसांनी नवीन पट्टी ठेवायला डबा उघडला, तर जुन्या पट्टीत अकरा गोळ्या तशाच. “गोळीनं कोलेस्टेरॉल वाढतंय, त्यानं गाठ वाढणार, मग घेऊ कशाला?” आई म्हणाली. मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सांगली, तिथून रिक्षानं मिरज. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. “काकू, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही,” एवढं आधी बजावलं आणि मग कागद पुढं ओढला.

कोलेस्टेरॉल हे काही विष नाही, प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागतंच. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, त्यांना ते जास्त लागतं. रक्तातलं एलडीएल त्या ओढून घेतात, स्वतःही बनवतात. त्यामुळं आईनं ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं. कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखं वागतं आणि उंदरांमध्ये स्तनाच्या गाठी वाढवतं, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवलं आहे. पण इस्ट्रोजेनसुद्धा कोलेस्टेरॉलपासूनच बनतं! पाळी गेल्यावर त्याची शेवटची पायरी मुख्यतः अंगातल्या चरबीत घडते, ॲरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळं. लेट्रोझोल नेमकं तेच अडवतं. आईची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती. गाठीच्या तोंडचा घास काढणारी गोळीच तिनं बाजूला ठेवली होती.

आकडा वाढण्याचं कारणही कळलं. आधी दोन वर्षं टॅमॉक्सिफेन चालू होती. ती कॅन्सरची गोळी, पण एलडीएलही खाली ठेवते. ती बंद होऊन लेट्रोझोल आली तेव्हा हा आधार गेला. गोळी बदलतानाच हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर ते अकरा दिवस वाया गेले नसते, असं मला आजही वाटतं.

ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू झाली, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी. ही कॅन्सरवरही चालते का, मी विचारलंच. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनण्याची यकृतातली एक महत्त्वाची पायरी रोखतात, म्हणून कॅन्सरमध्ये त्यांचा अभ्यास बराच झालाय. पण कॅन्सरचा इलाज म्हणून त्या दिल्या जात नाहीत. आईला दिली ती हृदय सांभाळायला. लेट्रोझोलनं सांधे दुखतात, स्टॅटिननं काहींचे स्नायू. म्हणून काय, कुठं, कधीपासून दुखतंय ते वहीत लिहायला सांगितलं.

निघताना आईनं हळूच विचारलं, “शेंगदाणे?” मॅडम म्हणाल्या, वनस्पतीतून येणाऱ्या कशातच कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतं, काकू. बेतानं खा. शरीरातलं बरंचसं यकृतच बनवतं.

त्याच संध्याकाळी तिनं खलबत्ता काढला. तीन महिन्यांनी एलडीएल ९८ आलं.