सातव्या मजल्यावरची रात्र

चिंचवडमधल्या एका सोसायटीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच. शेजारी कारखाना, रात्रपाळी, आवाज. एक वाक्य मात्र खटकलं. "दुसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणतात त्रास नाही, सातव्यावरच्या आजी तीन महिने झोपलेल्या नाहीत."

रात्री साडेअकराला आजींच्या बेडरूमच्या खिडकीत ट्रायपॉड लावला. आवाज मोजायचा मीटर कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक आवाज देणाऱ्या उपकरणावर, 94 डेसिबलला जुळवला, माइकवर फोमचा बोंडा चढवला. समोर पंचवीस मीटरवर कारखान्याची पत्र्याची शेड आणि तिच्या छपरावर धूर ओढणारा ब्लोअर. त्याचं तोंड नेमकं आमच्याकडे. आवाज मोठा नव्हता, चिवट होता. ऽऽम्म्म असा एकसुरी. आजींनी मला स्वयंपाकघरात नेलं. "हे बघा," म्हणाल्या. मांडणीवरचं एक फुलपात्र ताटाला टेकून बारीक किणकिणत होतं. बोटानं धरलं की थांबायचं, सोडलं की पुन्हा सुरू.

मीटर 58 दाखवत होता. दुसऱ्या मजल्यावर 51. शेडच्या छपराची कड ब्लोअर आणि खालची खिडकी यांच्या मधे येते म्हणून खालचे सुखी. सातव्यावरून ब्लोअर सरळ दिसतो आणि जे दिसतं ते ऐकू येतं. सोसायटीनं वर्गणी काढून कंपाउंडची भिंत दहा फूट केली होती, शिवाय अशोकाची झाडं. भिंतीचा उपयोग पार्किंगमधल्या गाड्यांना झाला असेल. झाडांच्या एका रांगेनं आवाज थांबत नाही, एवढं मी आता कुठल्याही मीटिंगमध्ये न रागावता सांगू शकतो.

मग कारखान्यात गेलो. भांडण होईल या तयारीनं गेलो होतो, सुपरवायझरनं चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, आम्ही इथं आधीपासून. ती बिल्डिंग जिथं आहे ना, तिथंही कारखानाच होता." खरं होतं. तो बंद पडला, जमीन रहिवासी वापरात आली, टॉवर उभे राहिले. त्याच्या हद्दीवर मी 64 मोजले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्राला रात्री 70 ची मुभा आहे, म्हणजे तो नियमात. रहिवासी क्षेत्राला रात्री दहा ते सहा 45, म्हणजे आजींची तक्रारही नियमात. एकाच भिंतीच्या अलीकडे 45, पलीकडे 70. नकाशावर जांभळा आणि पिवळा रंग जिथं भेटतात तिथं एक बारीक रेघ असते, आवाजाला ती कशी दिसणार? अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल उतरतात. नुसत्या अंतरावर 58 चे 45 करायचे तर इमारत एकशे दहा मीटर लांब हवी होती. मधे गोदामं, दुकानं, पार्किंगचा पट्टा टाकता आला असता. पण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. खरं तर कुणालाच विचारलं नव्हतं.

कारखान्याचा मालक समजूतदार निघाला. ब्लोअरच्या पंख्याला सहा पाती, मिनिटाला 1450 फेरे, म्हणजे तो सूर 145 हर्ट्‌झचा. इतका खालचा सूर सरकत्या खिडकीच्या पातळ काचेला जुमानत नाही, म्हणून इलाज उगमाशीच. बाहेर जाणाऱ्या डक्टला सायलेन्सर बसवला, तोंड उलट्या दिशेला वळवलं, खाली रबरी पॅड घातले.

खरी गंमत शेजारच्या प्लॉटवर झाली. तिथं दुसरी इमारत अजून कागदावर होती. मी म्हटलं, कारखान्याच्या बाजूला जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम घ्या, बेडरूम पलीकडे. बिल्डरचा चेहरा पडला. कारखाना नेमका ईशान्येला. ईशान्येला संडास? एकही फ्लॅट विकला जाणार नाही. जिनासुद्धा नको. तासभर वास्तुशास्त्र आणि डेसिबल यांची कुस्ती चालली. शेवटी आर्किटेक्ट मुलीनं पेन्सिलीनं त्या बाजूनं लांब पॅसेज ओढला, बाहेरून नऊ इंची वीटकाम, उजेडाला न उघडणारी जाड काच, आत प्रत्येक घराचं देवघर. देव ईशान्येला आणि माणसं शांततेत. बिल्डर खूश. हवा दुसऱ्या बाजूनं येणार होती, ते गणित तिनं वेगळं सोडवलं.

महिन्याभरानं आजींकडे पुन्हा रात्री मोजायला गेलो. 50. आठ डेसिबल उतरले म्हणजे कानाला जवळजवळ निम्मं झाल्यासारखं वाटतं. सेक्रेटरी मीटरकडे वाकून बघत म्हणाले, "पण नियमात 45 आहे ना?"

"आहे," मी म्हटलं आणि रिपोर्टमध्ये 50 च लिहिले. उरलेले पाच कुठून काढायचे हे मला आजही माहीत नाही. इमारत काही उचलून मागे ठेवता येत नाही. आजींनी मधल्या काळात पलंग हॉलमध्ये हलवला होता, तो त्यांनी परत आत नेला नाही. फुलपात्राखाली मात्र अजून फडक्याची घडी होती.