चहाची वही, आठवडा पाचवा: ग्योकुरो आणि आईचा शेरा

तर मंडळी, संध्याकाळी सहाचा चहा अखेर सुटला. कॅफीन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्यातलं अर्धं मी अकराला पांघरुणात शिरतो तेव्हाही जागंच. त्याजागी नुसता गवती चहा उकळून घेतोय, नाव चहा पण झाड वेगळं, गवतच ते, कॅफीन नावालाही नाही. चार दिवस डोकं ठणकलं, मग झोप मस्त.

आता खरी गंमत. ग्योकुरो आला, जपानचा उंची हिरवा चहा! मन शांत ठेवून लक्ष लावतं असं ज्याबद्दल म्हणतात ते चहातलं अमिनो आम्ल, एल-थियानिन, १९४९ साली जपानमध्ये याच चहात सापडलं. ते मुळांत तयार होऊन पानांत चढतं आणि उन्हात त्याचं कॅटेचिन (तुरट-कडवट द्रव्य) व्हायला लागतं, म्हणून तोडणीआधी तीनेक आठवडे मळ्यावर सावली धरतात. आपल्याकडे द्राक्षाच्या घडांना पेपर लावताना ज्यांनी बघितलंय त्यांना हा खटाटोप लगेच कळेल.

पहिल्या दिवशी माती खाल्ली, सवयीने उकळतं पाणी ओतलं. कडूजहर! आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, पालक उकडलेलं पाणी का देतोयस मला?" दुसऱ्या दिवशी पाणी या पेल्यातून त्या पेल्यात करत ६० डिग्रीवर आणलं, ५ ग्रॅम पत्ती, ६० मिली पाणी, २ मिनिटं. निघाले जेमतेम चार घोट, पण काय चव, थेट मुगाच्या कढणासारखी दाट. आई तरी पालकावरच ठाम.

परिणाम म्हणाल तर पेपरातलं सुडोकू १४ मिनिटांत सुटलं, एरवी २० लागतात, आणि सीटीसीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या दाणेदार चहाच्या, दोन कपांनंतर छातीत जी धडधड होते ती नव्हती. पण लगेच हुरळून जात नाहीये, कारण सुडोकू सोपं असेल तर? शिवाय थियानिनच्या बऱ्याच प्रयोगांत १०० ते २०० मिलिग्रॅम देतात, आपल्या साध्या कपात त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतं, त्यामुळे टपरीवरच्या कटिंगने जी तरतरी येते ती मुख्यतः कॅफीनचीच, ते मेंदूत झोप आणणाऱ्या अॅडेनोसिनची जागा अडवतं म्हणून झोप दूर राहते. बाकी आलं आणि गप्पा.

खात्री करायला बायकोला म्हटलं, कोणता चहा ते न सांगता कप दे, तर मी वासावरूनच ओळखला. पुढच्या आठवड्यात नाक दाबून.