फुलपाखरांच्या मागे गेले आणि जोगोरीपाशी पोचले

सोक जू-सन या बाईंकडे मी भलत्याच वाटेने गेले. मला खरं तर त्यांचा भाऊ हवा होता.

सोक जू-म्योंग हे कोरियातले फुलपाखरांचे अभ्यासक. कोबीवर भिरभिरणाऱ्या साध्या पांढऱ्या फुलपाखरांचे पंख या गृहस्थांनी मोजले, शेदोनशे नव्हे, दीड लाखाहून जास्त. तेव्हा ठिपका जरा मोठा दिसला की नवी जात जाहीर व्हायची. यांचं म्हणणं असं, की भरपूर मोजा, म्हणजे कळेल की जात एकच आहे. कोरियन युद्धात, 1950 च्या सप्टेंबरात, सोलच्या लढाईत विज्ञान संग्रहालय जळालं, तिथले नमुने राख झाले. पुढच्याच महिन्यात त्यांना रस्त्यात गोळी घातली गेली. वयाची 42 वर्षंही पुरी नव्हती.

मग 1973 साली त्यांचे फुलपाखरांचे नकाशे, म्हणजे कोणती जात कुठे आढळते ते दाखवणारे, छापून आले कसे? हा प्रश्न घेऊन मी शोधत बसले आणि उत्तरात बहीण सापडली. 1951 च्या जानेवारीत सोल पुन्हा पडलं, लोक दक्षिणेकडे निघाले, तेव्हा जू-सन यांच्या पाठीवरच्या पिशवीत भावाची हस्तलिखितं होती. त्या स्वतः कपड्यांच्या अभ्यासक! तशा वेळी कोणीही आधी आपलं काम उचललं असतं. मी तरी उचललं असतं.

जू-सन यांचा जन्म 1911 चा, प्योंगयांगचा. शिवणकामाचं शिक्षण तोक्योत. पण पुढचं आयुष्य गेलं ते जुने कोरियन कपडे गोळा करण्यात, आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. तिथे कपडा टिकणंच अवघड. धुवायचा तर आधी सगळा उसवायचा, तुकडे धुवायचे, खळ द्यायची, दगडावर ठेवून लाकडी दांडक्यांनी तुकतुकीत होईस्तोवर बडवायचे आणि पुन्हा शिवायचे. (मी एक ब्लाउज उसवते तेव्हा दोन दिवस चिडलेली असते.) त्यात माणूस गेलं की त्याचे कपडे जाळायची रीत.

म्हणून जुन्या कपड्यांसाठी थडग्यांकडे जावं लागतं. चोसोन काळात, म्हणजे 1392 ते 1910 या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, बड्या घरांत शवपेटीभोवती चुना, माती आणि वाळूचा थर घट्ट ठासून बसवत. आत हवा-पाणी शिरत नसे, त्यामुळे शेकडो वर्षांनी कपडे जसेच्या तसे निघाले. शव हलू नये म्हणून पेटीतली मोकळी जागा कपड्यांनीच भरायची, त्यात नातेवाइकांचेही कपडे असत. पुरुषाच्या थडग्यात बायकांची जोगोरी का, हे कोडं असं सुटतं.

जोगोरी म्हणजे बंदांनी बांधायचा वरचा अंगरखा, आपल्या बाराबंदीचा लांबचा भाऊबंद म्हणा. बायकांची जोगोरी सोळाव्या शतकात कमरेखाली येत होती. एकोणिसावं संपेपर्यंत इतकी आखडली की छाती जेमतेम झाकायची. ‘पारंपरिक’ म्हणून आपण जे चित्र डोळ्यांसमोर आणतो ते बहुतेक या शेवटच्या टप्प्याचं. हे चित्रं बघून नाही, खरे कपडे हातात घेऊन, लांबी-बाही-गळपट्टी मोजूनच कळतं. दोघं भावंडं एकाच घरातली, हे मला इथे पटलं.

1976 मध्ये जू-सन यांनी 3,000 हून अधिक वस्तूंचा आपला संग्रह दानकूक विद्यापीठाला देऊन टाकला. 1981 मध्ये त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. आता ते सोलजवळच्या योंगिन शहरात आहे. राजा सुन्जोची मुलगी दॉगॉन हिची दांगुई, म्हणजे समारंभाचा वरचा झगा, तिथेच आहे. त्यावर दीर्घायुष्य आणि सौभाग्य या अर्थाची सोनेरी अक्षरं. कोरियाच्या लोकवारसा वस्तूंच्या सरकारी यादीत तिला पहिला क्रमांक मिळाला होता. राजकन्या मात्र 1844 मध्ये गेली, बाविसाव्या वर्षी.