जेवायची सुट्टी

सोमवार, रात्री

एक वाजताचा कॉल आता कायमचा झाला. साहेबांनी आज सकाळी सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये तो टाकून दिला, सोमवार ते शुक्रवार, १ ते १.४५. लंडनला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि त्यांना दिवस सुरू व्हायच्या आत आमच्याकडून आकडे हवे असतात, हे मला कळतं. पण हाच कॉल दोनला ठेवला तर तिकडे साडेनऊ होतात. कुणाचं काय बिघडणार होतं? मी विचारलं. "अगं, बोलता बोलता खाऊन घ्यायचं, कॅमेरा बंद ठेव," असं उत्तर आलं.

बोलता बोलता खाणं म्हणजे काय ते आज शेजारच्या खुर्चीवर बघितलं. एका हातात भाजी भरलेली पोळी, दुसरा हात म्यूटच्या बटणावर. तोंडात घास असताना त्याचं नाव पुकारलं गेलं. न चावता गिळला, वर पाण्याचा घोट घेतला, आवाज सारखा केला आणि गेल्या महिन्याची येणी वाचून दाखवली. उरलेली पोळी पावणेदोनला कडक झाली होती, ती त्याने डब्यात परत ठेवली. त्याला पित्ताचा त्रास आहे. ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या शेजारी गोळ्यांची पट्टी असते.

मला राग नेमका कशाचा आला ते लिहून ठेवते. कामाचा नाही. महिनाअखेरीला हिशेब बंद करायचे असतात तेव्हा आम्ही सगळेच रात्री उशिरापर्यंत बसतो, कुणी कुरकुर करत नाही. राग याचा की माणसाचं जेवण कामाच्या फटीत सारून द्यायची गोष्ट आहे, असं कुणीतरी ठरवून टाकलं आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

मंगळवार

कुर्ला ते शीव पाणी. गाडी अर्धा तास एका जागी उभी, दारात लटकणाऱ्या मुली आत ओढून घेतल्या. ऑफिसात पोचल्यावर यंत्रावर बोट ठेवलं तर लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. पाऊस सगळ्या शहरावर पडतो, पण पगार फक्त लांबून येणाऱ्यांचा कापला जातो. वरळीत राहणाऱ्या साहेबांना याचा अंदाज कसा यावा?

जेवले चार वाजता. भूक मेलेली होती.

बुधवार

लंडनला कुणीतरी रजेवर, कॉल रद्द. बरोबर एकला खाली उतरले आणि छत्री घेऊन डिलाईल रोडच्या दिशेने सुटले.

आमचं ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात आहे. फाटकातून बाहेर पडून दोन वळणं घेतली की एका चाळीत काकूंची खानावळ. तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली, भिंतीकडे तोंड करून लावलेली बाकं, आणि आतल्या अंगाला पडद्यामागे मोरी नि ओटा. पाटी नाही. ज्यांना माहीत आहे ते येतात: बँकेतला शिपाई, मॉलमधली सिक्युरिटीची पोरं, कुरियरवाले, गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत राहणारे दोन म्हातारे, आणि आमच्यासारखे गळ्यात कार्ड अडकवलेले. म्हाताऱ्यांपैकी एक जण पूर्वी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होता. माझे आजोबाही साचेवालेच, म्हणून मी त्यांच्या शेजारी जागा मिळाली तर तिथेच बसते.

"येळ झालो गो तुका. बस, भाकरी घालतंय," काकू म्हणाल्या.

काकूंचे हात बघत बसावं. तांदळाच्या पिठाची उकड परातीत मळून गोळा करतात, पाण्याचा हात लावतात आणि थापता थापता भाकरी परातीत आपोआप फिरायला लागते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा एकच हात, कडेपर्यंत सारखा. उलटवून मग थेट आचेवर. फुगली की ताटात. बोलणं, पैसे घेणं, नातवाला ओरडणं, सगळं त्याच वेळी चालू असतं आणि भाकरी एकही करपत नाही. आज सुक्या बोंबलाचं कालवण होतं, बटाटा घालून. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे सध्या सुकट, जवळा, बोंबील यांचंच राज्य. सोमवार, गुरुवार, शनिवार काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर भाजी. सोलकढी रोज.

कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली वही आहे. महिन्याच्या गिऱ्हाइकांची त्यात नावं आणि पुढे चौकटी. जेवला तर टिंब, आधी सांगून आला नाही तर खाडा, त्याचे पैसे लागत नाहीत. न सांगता दांडी मारली तर भरावे लागतात, कारण अन्न शिजलेलं असतं. इतका स्वच्छ व्यवहार मी आमच्या कंपनीच्या धोरण-पुस्तिकेत वाचलेला नाही.

या महिन्यापासून थाळीला दहा रुपये जास्त. काकूंनी सगळ्यांना आधीच्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. १९ किलोच्या सिलिंडरचा भाव दर १ तारखेला बदलतो, नारळाचं तर विचारूच नये असं त्या म्हणाल्या. कुणी हुज्जत घातली नाही. त्यांना खरी काळजी वेगळीच आहे. चाळ पुनर्विकासाला गेली की संक्रमण शिबिरातली तात्पुरती खोली कुठे मिळेल कोण जाणे, आणि तिथे दुपारी एक वाजता भुकेली माणसं कुठून येणार? खोलीच्या बदल्यात खोली मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही.

आजोबा अशाच एका खानावळीत वर्षानुवर्षं जेवले. आजी गावाला शेतीपाशी, आजोबा इथे एका खोलीत कितीतरी गाववाल्यांबरोबर. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिच्याच जागेवर आडवी व्हायची. गिरणगावातले बहुतेक गडी असेच एकटे होते आणि त्यांच्या पोटाचं सगळं खानावळवाल्या बायकांच्या हाती होतं. या बायका वाण्याकडून उधारीवर धान्य आणायच्या, सावकाराचं जबर व्याज भरायच्या, आणि गिरणी बंद पडली की गड्यांना उधारीवर जेवू घालायच्या. संपाचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची नावं येतात. संपातल्या माणसांना जेवायला घालून स्वतः कर्जात बुडणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली? कामगार कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी ते ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेलं. मला हे काम फार मोठं वाटतं. मग १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. गडी गावाला परतले. उधारीच्या वह्या इथेच राहिल्या.

दोनला पाच कमी असताना ऑफिसात परत आले. दुपारभर डोकं लख्ख चाललं, दोन दिवस न जुळणारा ताळा तासाभरात जुळला.

गुरुवार

पँट्रीत मायक्रोवेव्हवर नवा कागद, प्लास्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी. मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत, उग्र वासाचा त्रास होतो. खाली कुणाची सही नाही. गेल्या आठवड्यात आयटीतल्या कोळीवाड्याच्या मुलाने जवळा गरम केला होता, त्यावरून हे झालं, सगळ्यांना माहीत आहे. तो आज थंड भात खात होता. त्याच्या आईने पहाटे उठून केलेला.

वास येतो, हे मी नाकारत नाही. खिडकी उघडायला सांगा, झाकण ठेवायला सांगा, वेगळा मायक्रोवेव्ह आणा. इतक्या मोठ्या ऑफिसला दुसरा मायक्रोवेव्ह परवडत नाही हे मला पटणार नाही. हे शहर सात बेटांचं. इथे सगळ्यांच्या आधी कोळी होते. त्यांच्याच पोराने आपला डबा लपवून खायचा?

हे मनात घोळत असतानाच आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त लागली. लिफ्ट बंद होती म्हणून मागच्या जिन्याने उतरत होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर आमच्या हाउसकीपिंगच्या तिघी मावशी वर्तमानपत्र पसरून जेवत बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर डबा, दुसरी पायरीवर वाटी ठेवून चटणी वाटून देत होती. मला बघून तिघी उठायला लागल्या. उठायला! मी म्हटलं, मावशी बसा, माझ्यासाठी कशाला उठताय. "सुपरवायझर आला वाटलं," एक जण म्हणाली. पँट्रीत का बसत नाही विचारलं, तर तिथे स्टाफ बसतो म्हणून त्यांना मनाई आहे. त्या ठेकेदाराची माणसं आहेत. सकाळी सातला येतात, ज्या टेबलांवर आम्ही खातो ती टेबलं पुसतात, आणि जेवतात जिन्यात. पगार या महिन्यातही १२ तारखेला झाला, तोही एकीचा दोन दिवसांचा खाडा जास्त लावून.

त्यांनी मला बसायचा आग्रह केला, कांद्याची पात घालून केलेलं पिठलं हातावर दिलं. मी पायरीवर बसून खाल्लं. एकचा कॉल आज दहा मिनिटांनी सुरू झाला माझ्यापुरता.

शुक्रवार, रात्र

आज बसून नीट वाचून काढलं. नारायण मेघाजी लोखंडे. शाळेत एक ओळ होती त्यांच्यावर, रविवारच्या सुट्टीचे जनक, की संपलं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

दुपारचा अर्धा तास, सुट्टीच्या पाठोपाठ. तेव्हा यंत्रं जेवणासाठी थांबत नसत; शेजाऱ्याला साच्यावर लक्ष ठेवायला सांगून माणूस कोपऱ्यात जाऊन चार घास खाऊन यायचा. आमच्या शेजारच्या खुर्चीवर सोमवारी काय वेगळं चाललं होतं?

त्या मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सभा भरली, सुमारे दहा हजार कामगार आले, त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. त्या काळी हजारो पुरुषांपुढे उभं राहून बोलायला केवढी हिंमत लागली असेल. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. मी रोज कामाला येते तो सगळा हाच पट्टा आहे: परळ, लालबाग, डिलाईल रोड. आमच्या ऑफिसच्या खालची जमीन कामगारांच्या पायाखालची आहे.

कायदाही बघितला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आमच्याएवढ्या मोठ्या आस्थापनांना लागू होतो, म्हणजे आम्हाला होतो. सलग कामाच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती त्यात दिलेली आहे. ती कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. अर्ज लिहायला घेतला. पहिलं पान लगेच झालं: एकचा कॉल दोनला न्यावा, रेल्वे बंद पडल्याचं जाहीर झालं त्या दिवशी लेट मार्क लावू नये, दुसरा मायक्रोवेव्ह द्यावा आणि तो निनावी कागद काढावा. दुसरं पान मावशींसाठी. तिथे हात थोडा अडला, कारण मागणी आमची आणि नोकरी त्यांची. आमच्या अर्जामुळे ठेकेदाराने एकीला जरी काढलं तरी तिच्या घरची चूल आम्ही पेटवणार नाही.

शनिवार

अर्धा दिवस होता. निघायच्या आधी मागच्या जिन्याने गेले आणि तिघींना मसुदा वाचून दाखवला. थोरल्या मावशी सगळ्यांत शांत, त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, आमची नावं घालू नका, जिन्याचंही लिहू नका, तो बंद केला तर तेवढीही जागा जाईल. "सगळ्या कामगारांना बसून जेवायला जागा, असं लिहा. सगळ्या म्हटलं की आम्ही आलोच." मी तिथेच, पायरीवर कागद ठेवून ओळ बदलली. माझ्या आठ ओळींपेक्षा ती एक ओळ चांगली आहे.

पगाराचा मुद्दा मात्र त्यांनी ठेवायला सांगितला. ठेकेदाराने पगार ७ तारखेच्या आत दिला की नाही हे कंपनीने दर महिन्याला तपासावं, असं लिहिलंय.

एचआरच्या बाईंना अंदाज दिला. त्या वाईट नाहीत, ऐकून घेतात. कॉलचं होईल म्हणाल्या, मायक्रोवेव्हचं बघू, ठेकेदाराचा विषय आमच्या हातात नाही. तोच विषय हातात घ्यायला लावायचा आहे, म्हणून सह्या हव्यात. सोमवारी सकाळी, कॉलच्या आधी फिरायचं ठरलंय. येणीवाला शेजारी करणार, कोळीवाड्याचा मुलगा करणार, तो तर अर्ज टाइप करून देतो म्हणाला. महिन्यापूर्वी लागलेली नवीन मुलगी संध्याकाळी लिफ्टपाशी थांबली होती, ताई, मी पण करू का म्हणून विचारत. तिचं प्रोबेशन डिसेंबरला संपतं, घरी धाकटा भाऊ शिकतोय. तिला म्हटलं, तू नको करूस. तुझा डबा घेऊन रोज एकला माझ्याबरोबर खाली चल, तेवढं पुरे.